खाडा पडणारच, मग काय?

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि खाणंपिणं

जानेवारीत येणारी पत्रं "सुरुवात कशी करू" अशी असतात आणि पावसाळा लागला की "सुटलं हो सगळं" अशी. यावेळी दुसऱ्या प्रकारची इतकी आलीत की त्यातली पाचच घेतेय, बाकीच्यांनी आपापलं त्यात शोधा. एक आधीच सांगून टाकते. कोणी महिन्याभराचं झकास टाइमटेबल पाठवून "बरोबर आहे का" विचारलं की मी उलट विचारते, पोरगं तापलंय, ऑफिसात ऑडिट चालूय आणि कामवाल्या मावशी गावाला गेल्यात अशा आठवड्यात यातलं काय काय होईल? जेवढं होईल तेवढंच तुमचं रुटीन, बाकी सगळा बोनस.

"ताई, मी बदलापूरला राहतो, ऑफिस फोर्टला. सकाळी साडेसहाला घर सोडतो, परत यायला साडेआठ-नऊ होतात. जानेवारीत जिमचं वर्षाचं पॅकेज घेतलं, तिथल्या ट्रेनरने सहा दिवसांचं शेड्यूल दिलं, चेस्ट डे, बॅक डे, लेग डे वगैरे. फेब्रुवारीपर्यंत गेलो. आता त्या रस्त्याने जाताना पण मान खाली घालून जातो. वय ३९, पोट सुटलंय, बसून बसून कंबर धरते. माझ्यात विल पॉवरच नाही का?"
एक वाचक, बदलापूर

रोज जाऊन-येऊन तीन तास सेंट्रल लाइनच्या गर्दीत उभं राहणाऱ्या माणसाने विल पॉवर नाही म्हणू नये. तुमचं शेड्यूल चुकलं, तुम्ही नाही. सहा दिवसांचं स्प्लिट, म्हणजे रोज अंगाचा एकेक भाग, ज्यांचं कामच बॉडी बनवणं आहे किंवा जे कॉलेजात आहेत आणि जिम घराखाली आहे त्यांच्यासाठी ठीक. तुमच्यासारख्याला त्यात घोटाळा असा होतो की लेग डेला गाडी लेट झाली की पाय गेले पुढच्या आठवड्यावर, पुढच्या आठवड्यात परत तेच, आणि महिनाअखेर बघावं तर छाती चार वेळा आणि पाय एकदा. त्यापेक्षा प्रत्येक वेळी पूर्ण अंगाचा व्यायाम करा म्हणजे एखादा दिवस बुडाला तरी कुठला भाग उपाशी राहत नाही.

आणि किती वेळा? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची जी गाइडलाइन आहे त्यात मोठ्या माणसांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस सांगितलाय. दोन. सहा नाही. तर तुमचे दोन म्हणजे रविवार सकाळ जिममधे आणि बुधवार किंवा गुरुवार रात्री घरी. पैसे भरलेलेच आहेत ना, मग रविवारी जा, मान वर करून जा. पाऊण तास. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकत वजन खाली नेऊन वर आणायचं), डंबेल प्रेस, रोइंग, आणि शेवटी दोन हातात दोन जड डंबेल घेऊन हॉलमधे चालायचं. प्रत्येकाचे तीन सेट. वजन असं निवडा की ८ वेळा नीट होतं आणि अजून दोन ओढूनताणून झाले असते. पुढच्या वेळी त्याच वजनाने ९, मग १०, तिन्ही सेटला १२ झाले की वजन अडीच किलोने वाढवायचं आणि परत ८ वर यायचं. एवढंच आहे हो ते सगळं शास्त्र, यूट्यूबवर त्याला फार मोठी मोठी नावं असतात.

मधल्या वारचं घरी. आता हे नीट वाचा कारण इथेच लोक गडबड करतात. जोर जमिनीवर मारायला जातात, चार होतात, खांदा दुखतो, सोडून देतात. तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करा. ओट्याच्या कडेला तळवे, खांद्यापेक्षा जरा जास्त अंतरावर, पाय मागे न्या, टाच ते डोकं एक रेघ, ढुंगण वर नाही आणि पोट खाली लोंबत नाही. मनात तीन मोजत छाती कडेला टेकेपर्यंत खाली, मग वर. कोपरं पूर्ण बाजूला फाकवायची नाहीत, थोडी कमरेकडे झुकलेली. हे १२ चे तीन सेट आरामात झाले की ओट्यावरून पलंगाच्या कडेवर या, पलंगावरून जमिनीवर. उंची कमी होत गेली की तेच वजन वाढवणं. त्याच्यासोबत खुर्चीला टेकून उठायच्या बैठका, आणि मुलाची जुनी दप्तराची सॅक घेऊन त्यात पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन टाकले की दहा किलो झाले, ती वाकून पोटाकडे ओढायची, ते रोइंग. वीस मिनिटं, अंघोळीच्या आधी. वाईट आठवड्यात प्रत्येकाचा एकच सेट, सात-आठ मिनिटं, पण करायचं. एकदा कमावलेली ताकद इतक्या थोड्यावरही बरेच दिवस टिकते, ती मिळवायला लागते तेवढी मेहनत टिकवायला लागत नाही, हे लोकांना कोणी सांगतच नाही.

चालण्यासाठी वेगळा वेळ काढू नका. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच हालचाल मोजायची असं म्हणायचे, त्याच २०२० च्या गाइडलाइनमधे ती अट काढून टाकली, म्हणजे स्टेशनचा पूल भराभर चढलात तोही धरा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच चौकोनात व्यायाम झाला की वजन आणि आकडा लिहा. "स्क्वॉट २०, ९-९-८". अ‍ॅप नको, अ‍ॅप उघडलं की माणूस रील्सवर जातो. खाडे पडतील. सलग दोन पडू द्यायचे नाहीत एवढं बघा. आणि कंबर नुसती धरत असेल तर या व्यायामाने उलट सुटेल, पण कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर मग डेडलिफ्ट.

"नमस्कार ताई. घरात आम्ही सहा जण. सासूबाई-सासरे, दोन मुलं, आम्ही दोघं. मी बँकेत आहे. डाएटिशियनने जो कागद दिला त्यात किनोआ, अव्होकॅडो, ग्रीक योगर्ट आणि ग्रिल्ड चिकन. आमच्याकडे मंगळवार-गुरुवार-शनिवार नॉनव्हेज नाही, आणि माझ्या एकटीसाठी वेगळं शिजवायला ना वेळ आहे ना तसं बरं दिसतं. साबुदाण्याची खिचडी तर एकादशीला, चतुर्थीला असतेच. मग हेल्दी खाणं आमच्यासारख्यांनी करायचंच नाही का?"
एक वाचक, सांगली

आधी तो कागद फ्रिजवरून काढा. सांगलीत बसून अव्होकॅडो कशाला, तिथे काय कमी पिकतं का.

वेगळं काही शिजवायचं नाही, त्याच पातेल्यातलं प्रमाण बदलायचं. आपल्या साध्या जेवणात अडचण तेलाची-तुपाची आहे त्यापेक्षा जास्त प्रोटीनची आहे. हिशोब करून बघा, दोन पोळ्यांत साधारण ६-७ ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात ४ च्या आसपास, भाताचे दोन-तीन, भाजीचे एक-दोन, ताकाचे दोन. एक जेवण पंधरा-सतरा. सकाळी पोहे आणि चहा धरला, रात्री परत तेच, तरी दिवसाचे ४० होता होता पुरेवाट होते. हैदराबादची जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे तिच्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्यालाही रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम, आणि वजनं उचलणार असाल तर माझं म्हणणं ७० च्या पुढे जा. किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर गेलं की काही विशेष फायदा नाही, ते जिममधल्या पोरांचं वेड आहे.

आता हे ३० ग्रॅम आणायचे कुठून, तर रविवारी रात्री मूग आणि मटकी भिजत घाला. सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवा, संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत एक दिवस जास्त. डब्यात घालून फ्रिजमधे ठेवलं की तीन-चार दिवस जातं. सकाळी कुकरला एक शिट्टी, रात्रीचं वाटण शिल्लक असेल तर ते टाका, नाहीतर नुसता कांदा, मोहरी, हिंग, गोडा मसाला. घरातले सगळे उसळच खातायत, फरक इतकाच की तुमच्या ताटात ती चमचाभर नाही, मोठी वाटी भरून, आणि भात तेवढा कमी. वरण जाड करा, चमचा उभा राहील असं नको पण पाण्यासारखं तरी नको. आठवड्यातून एकदा पिठलं-भाकरी करताय ना, बेसनात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, ते गरिबाचं जेवण म्हणून हिणवायचं काही कारण नाही. बुधवार-रविवारी अंडी, दोन अंड्यांचे १२ ग्रॅम. सोयाबीन वड्या मुलं खातात, मूठभर सुक्या वड्यांत, म्हणजे २५ ग्रॅममधे, १३ ग्रॅम निघतं, इतकं स्वस्त दुसरं काही नाही. भिजवून दोनदा घट्ट पिळून घ्या, तो उग्र वास जातो, मग बटाट्याच्या रश्श्यात टाकल्या की सासऱ्यांनाही कळत नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाचची भूक. खरं सांगायचं तर डाएट जेवणात मोडत नाहीच, तिथे मोडतं. बँकेच्या खाली वडापावची गाडी असणारच. मी वडापाव बंद करा म्हणणार नाही, महाराष्ट्रात राहून ते कोण पाळणार, शुक्रवारी खा. बाकीचे दिवस ड्रॉवरमधे चणे-फुटाण्याचा डबा, दोन मुठी चणे आणि एक मूठ शेंगदाणे, पंधरा ग्रॅमच्या वर प्रोटीन होतं आणि घरी पोचेपर्यंत पोटाची बोंब नाही. घरी येऊन उभ्या उभ्या फरसाण खाणं आपोआप कमी होतं, करून बघा.

उपवासाचं म्हणाल तर साबुदाण्यात स्टार्च सोडून काही नाही, प्रोटीन नावालासुद्धा नाही, जे काय असतं ते दाण्याच्या कुटाचं. वर बटाटा. दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात ते त्यामुळे. पण उपवासालाच चालणाऱ्या इतक्या चांगल्या गोष्टी आहेत, भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, पनीर, दूध. खिचडी केलीच तर वाटीभर घ्या, कूट सढळ हाताने घाला आणि सोबत मोठी वाटी दही. सासूबाईंना उपास मोडल्यासारखं वाटत नाही आणि तुमचंही काम होतं.

"मी नाशिकला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ४७. पाळी अनियमित झालीय. रोज सकाळी चार किलोमीटर चालते, गेली काही वर्षं सोडलेलं नाही. तरी जिने चढताना गुडघे बोलतात आणि दंड सैल पडलेत. भाची म्हणते वेट ट्रेनिंग कर. मिस्टर म्हणतात या वयात वजनं उचलून काहीतरी लचकवून घेशील. कोणाचं ऐकू?"
एक शिक्षिका, नाशिक

भाचीचं.

चालणं सोडू नका, हृदयाला, साखरेला, डोक्याला ते उत्तमच आहे. पण स्नायू तिशीनंतर हळूहळू उतरायला लागतात आणि नुसत्या चालण्याने ते थांबत नाही, कारण चालताना पायावर रोज तेवढाच भार. त्यात पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी झालं की पुढची काही वर्षं हाडंही भराभर विरळ होतात. स्नायू आणि हाड दोघांनाही कळतो तो एकच निरोप, की भार वाढतोय, तयार राहा. तो तुम्ही देत नाही आहात इतकंच.

मिस्टरांना एक विचारा. भरलेला गॅस सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं वजन धरून तीस किलोच्या आसपास होतो, तो आला की दारापासून ओट्याखाली कोण सरकवत नेतं? पिठाचा डबा, ओले कपडे भरलेली बादली, वाणसामानाच्या दोन पिशव्या घेऊन दुसरा मजला, हे उचलताना कोणाला काही लचकेल असं वाटत नाही आणि पाच किलोचं डंबेल म्हटलं की एकदम काळजी. उलट शिकून, सावकाश, नीट उचललं की या सगळ्यात लचकायची भीती कमी होते. आणि हो, दंड पुरुषांसारखे होतील वगैरे तर विसराच.

गुडघ्यासाठी सुरुवात खुर्चीपासून. घट्ट खुर्ची भिंतीला लावा, दोन हात छातीवर, ढुंगण मागे नेत तीन मोजत बसा, धपकन नाही, टेकलं की परत उठा. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आठ-आठचे तीन सेट. मग पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर उचलायची, आणि एका पायरीवर चढ-उतर, कठड्याला हलका हात लावून. तीन-चार आठवड्यांनी उशी काढा, मग हातात दोन-दोन किलो धरा, मग पाच. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा, बीपी असेल तर हे जास्तच पाळा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते दोन-तीन दिवसांत जातं, ती दुखापत नव्हे. पण गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर ऑर्थोपेडिकना दाखवा, इथे विचारत बसू नका. व्हिटॅमिन डीची तपासणीही त्यांना विचारून घ्या.

वेळ? चार किलोमीटरचे दोन दिवस अडीच करा, वाचलेल्या वीस मिनिटांत हे. नवीन वेळ शोधायला गेलात तर दहावीचे पेपर तपासायला आले की ती पहिली जाते. जी वेळ आधीच तुमची आहे तिच्यातच हे बसवा.

"मी २४ चा, हिंजवडीत आयटीत, यूएस शिफ्ट. रात्री दोन-अडीचला लॉगआउट. मेसचं जेवण. जिमच्या पोरांनी सांगितलं व्हे आणि क्रिएटिन घेतल्याशिवाय काही होत नाही. घेऊ का? आणि वर्कआउट कधी करू?"
एक वाचक, पुणे

व्हे म्हणजे चीज करताना दुधातून उरणाऱ्या निवळीची पावडर, औषधही नाही आणि विषही नाही. एका स्कूपमधे २०-२५ ग्रॅम प्रोटीन. मेसच्या पातळ डाळीवर जगतोयस आणि अंडी-दूध-पनीर नियमित जमत नसेल तर एक स्कूप घे, पण आधी मेसवाल्या काकांना रोज दोन उकडलेली अंडी जास्तीची मागून बघ, स्वस्त पडतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने तर २०२४ च्या गाइडलाइनमधे प्रोटीन पावडरी टाळाच असं सांगितलंय, मी इतकी कडक नाही पण त्यावाचून काही होत नाही हे मात्र साफ खोटं. क्रिएटिन ही ताकदीसाठी घेतात ती पावडर, तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय, निरोगी माणसाला रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट चालतं, किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ते चालू असताना रक्त तपासलंस तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, थोडं वर दिसू शकतं, तेव्हा आधीच सांग म्हणजे उगाच धावपळ होणार नाही. डबा सीलबंद, एफएसएसएआयचा नंबर असलेला. कोणी अर्ध्या किमतीत देतोय म्हणजे आत काय आहे ते देवच जाणे.

वर्कआउट उठल्यावर दोन-तीन तासांनी, लॉगिनच्या आधी. लॉगआउटनंतर नको, तीन वाजता व्यायाम करून झोप पाचला लागली की स्नायूही होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मॅगी-कोल्डड्रिंकवर हात जातो. खिडकीला जाड पडदा लाव, सात तास झोप. तुझ्या बाबतीत मी डंबेलच्या आधी पडदा घ्यायला सांगेन.

"गणपतीला आम्ही दरवर्षी कणकवलीजवळ गावी जातो, दहा-बारा दिवस. तोवर छान चाललेलं असतं. आल्यावर जे सुटतं ते दिवाळीपर्यंत सुटलेलंच. काय करावं?"
एक वाचक, ठाणे

दहा-बारा दिवसांत काहीही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे बंद राहिलं तरी ताकद फारशी उतरत नाही, वजनकाट्यावर जे दीड-दोन किलो दिसतात त्यात पाणी आणि पोटातलं अन्नच जास्त. तेव्हा उकडीचे मोदक खा, वर तुपाची धारही घ्या, आणि भजनाला बसा. हात शिवशिवलेच तर खळ्यात सकाळी थोडे जोर-बैठका, गावाकडच्या पोरांना पण घ्या सोबत, ती तुम्हाला हरवतील. नाही झालं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीची भाजी असते ती मात्र दोनदा वाढून घ्या.

खरी गोची परतल्यावर असते. लोक भरपाई करायला जातात, पहिल्याच दिवशी दीड तास, त्याच जुन्या वजनाने, मग चार दिवस जिना उतरता येत नाही आणि ते जे मनातून उतरतं ते थेट दिवाळीला. तर गावाला निघायच्या आधीच कॅलेंडरवर परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी खूण करून ठेवा. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा कपडे धुवायचा. तिसऱ्या दिवशी जायचं, नेहमीच्या वजनापेक्षा पाव हिस्सा कमी, दोनच सेट, पंचवीस मिनिटांत बाहेर. पुढच्या आठवड्यात आधीचं वजन. आणि गावाहून आणलेले खाजा, लाडू पहिल्याच दिवशी शेजारी वाटून टाका.